डावं पान, उजवं पान

अप्पा बळवंत चौकातून मी दोन वह्या घेतल्या होत्या. एक लॉगबुकच्या कच्च्या नोंदींसाठी. दुसरी कशासाठी, ते तेव्हा ठरलं नव्हतं. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मेडिकल कॉलेजात रेसिडेंट डॉक्टर म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिचा उपयोग सापडला. रात्री हॉस्टेलवर येऊन डाव्या पानावर त्या दिवशी खाल्लेली बोलणी जशीच्या तशी उतरवायची आणि उजव्या पानावर त्यातून कामाचं काय निघालं ते.

पहिली नोंद अशी आहे. डावीकडे : ‘बार्शीला दात उपटायला शिकवतात का? दात आहेत ते पेशंटचे, खुंट्या नाहीत.’ उजवीकडे : लॅरिंगोस्कोप (तोंडातून घालून स्वरयंत्र बघायचं दांड्याचं पातं) मनगटातून फिरवायचा नाही. खांद्यातून जोर, दांडा ज्या दिशेला त्याच दिशेने वर आणि पुढे. पातं वरच्या दातांना टेकता कामा नये.

दुसरी नोंद. डावीकडे : ‘डोनेशनची सीट का गं?’ उजवीकडे काही नाही. ते पान कोरं राहिलं, आणि का कोण जाणे, कोरं बघून जरा बरं वाटलं.

मी अ‍ॅनेस्थेशियाची, म्हणजे भूलशास्त्राची. नातेवाइकांच्या भाषेत ‘ते इंजेक्शन देऊन झोपवणारे’. नीट पीजी २०२१ ची आमची बॅच. ईडब्ल्यूएस कोट्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, काउन्सेलिंग रखडलं, आणि रुजू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुण्यात मेडिकल कॉलेजं एक-दोन नाहीत, आणि अशा मॅडम आणि असे सर कुठे नसतात?

मॅडमपासून सुरुवात करते, कारण आमच्या बॅचचे सगळे किस्से त्यांचेच. त्या बोलायला लागल्या की ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, दरवाजा लोटून घ्यावा लागे. ‘आज तुझी घेतली का?’ हा आमचा चहाच्या वेळचा नेहमीचा प्रश्न. बिनपाण्याने करणे हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता, अर्थ त्यांच्या टेबलावर कळला.

पहिल्या महिन्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनची एक बाई होती. तीन मिनिटं ऑक्सिजन दिला, झोपेचं प्रोपोफॉल दिलं, स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन दिलं, तोंड उघडलं, आणि आत नुसता गुलाबी रंग. स्वरयंत्र कुठेच दिसेना. मागे मॅडम. मी घाबरून श्वासनलिकेत घालायची सात नंबरची ट्यूब अंदाजाने सरकवली. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर श्वासागणिक उंचवटे यायला हवेत, तिथे सरळ रेघ. ट्यूब अन्ननलिकेत गेली होती. पुढचं दीड मिनिट मॅडम काय काय बोलल्या ते डाव्या पानावर आहे. सव्वा पान भरलंय.

पण त्यांनी केलं काय, ते मला आठवेना. माझ्या हातातून स्कोप घेतला आणि ट्यूब आत गेली, एवढंच. उजव्या पानावर लिहायला काही नव्हतं आणि हे पान कोरं राहणं परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे कोडं ओटीतल्या मामांनी सोडवलं. कॉलेजबाहेरच्या वाचकांसाठी : ओटीत सहायक सगळे मामा आणि आया सगळ्या मावशी. मामा त्या टेबलावर आमच्या जन्माच्या आधीपासून. चहाचा ग्लास हातात देत म्हणाले, ‘डॉक्टर, तुमी मॅडमच्या तोंडाकडं बघता. हाताकडं बघा की. तोंड काय सगळ्यांनाच हाय.’

त्या दिवसापासून मी हात बघायला लागले. बडबड चालू असतानाच मॅडमचा पाय टेबलाच्या पेडलवर असायचा. पेशंटचा चेहरा आपल्या छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत येईतो टेबल वर. मग डोक्याखालची रिंग दोन बोटं वर सरकवायची, मान किंचित पुढे, हनुवटी वर. उजव्या हाताच्या बोटांची कात्री करून तोंड उघडायचं. पातं उजव्या कडेने आत, जीभ डावीकडे ढकलत. आणि मग एक क्षण थांबायचं. ते थांबणं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे घाईत पातं आत खुपसायचो आणि दिसत नाही म्हणून आणखी खुपसायचो. माझं टेबल पहिले वीस दिवस माझ्या कमरेला होतं, आणि मी वाकून, दातांवर जोर देऊन, त्या बिचाऱ्यांच्या घशात काहीतरी शोधत होते.

मॅडमनी हे तोंडाने कधी शिकवलं नाही. शिकवता येत नसावं. त्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्याला का जमत नाही हेच त्यांना कळत नसे, आणि कळत नाही म्हणून संताप. हे मी आता समजून म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

दुसरा शोध संध्याकाळच्या फोनचा. उद्याच्या पेशंटची आदल्या दिवशी तपासणी करून मॅडमना फोनवर सांगायचं असे. पहिले दोन महिने मी ज्या क्रमाने सुचेल त्या क्रमाने सांगायची आणि तिसऱ्या वाक्याला फोन आपटला जायचा. मग माझ्यापेक्षा वर्षाने सीनियर मॅडमनी (वर्षाने मोठी असली तरी मॅडमच) एक क्रम लिहून दिला : वय, वजन, ऑपरेशन काय, तोंड किती उघडतं आणि मान किती वळते, आधी भूल दिली होती का, दमा-बीपी-साखर, चालू गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट, किती वाजल्यापासून उपाशी, आणि शेवटी ‘माझा विचार असा आहे’. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘काय करू?’ असं विचारलं की मॅडम तुटून पडत. ‘स्पायनल देते, नाही जमलं तर जनरलची तयारी ठेवते’ असं म्हटलं की त्या त्यातली चूक काढत. चूक काढली की मला उजवं पान मिळे.

कुणाला वाटेल मी मॅडमची बाजू घेतेय. मंडईतल्या आजींची गोष्ट सांगते.

आजी भाजी विकायच्या, सत्तरीच्या पुढच्या, पडून खुबा मोडलेला. स्पायनल द्यायचं ठरलं. स्पायनलमध्ये कमरेखालचा भाग बधिर होतो, पेशंट जागा असतो. त्याला सगळं ऐकू येतं. ही साधी गोष्ट ओटीत रोज विसरली जाते. आजींना कुशीवर वळवून पाठ साफ केली, पंचवीस गेजची सुई हातात घेतली. म्हाताऱ्या माणसाच्या मणक्यांमधली फट अरुंद झालेली असते. सुई दोनदा हाडाला लागली. मॅडम म्हणाल्या, ‘हिला विणायच्या सुया द्या रे, निदान स्वेटर तरी होईल.’ सगळे हसले. सर्जनसुद्धा. आणि पाठमोऱ्या आजी घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘माझ्या पाठीत हीच टोचणार आहे का अजून?’

तिसऱ्यांदा मी टोचलं नाही, मॅडमनी टोचलं. माझे हात थरथरत होते, पण आजींचं अंग त्याहून जास्त. त्या थरथरीची जबाबदारी कोणाची, हे मी उजव्या पानावर लिहिलं. त्या वहीतली ती एकच नोंद शिक्षकांसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात बघायला गेले तर आजींनी हात धरला. ‘ती वरडणारी तुझी सासू का गं?’

नाही म्हटलं, शिकवतात मला. आजींना ते पटलं नाही. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि जाताना उशाखालचा पेरू दिला.

तरीही मॅडमबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या पल्स ऑक्सिमीटरला एक आवाज असतो. रक्तातला ऑक्सिजन जसजसा उतरतो तसतसा तो सूर खाली जातो. स्क्रीनकडे पाठ असली तरी कानाला कळतं. मॅडमचा आवाज तसाच होता. सगळं ठीक असलं की वरच्या पट्टीत. पेशंट बिघडला की खाली, खाली, अगदी कुजबुज. २०२२ ची विसर्जन मिरवणूक, कोविडनंतरची पहिली मोकळी, दुसऱ्या दिवशीही संपेना. त्या रात्री सिझेरियननंतर एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. रस्ते बंद. मॅडम लकडी पुलापासून ढोल-ताशांतून वाट काढत चालत आल्या, गुलालासकट. आल्यावर दोन तास एकही मोठा शब्द नाही. ‘दुसरी लाइन घे. मोठी. छान. रक्त आलं का बघ. तू बरोबर करतेयस.’ बाई वाचली. सकाळी सात वाजता चार्टवर वेळ लिहायची राहिली म्हणून मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि मला कळलं की आता धोका टळला.

आता सर. सरांनी तीन वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. पेशंटशी गोड, नर्सेसशी गोड, आमच्याशीही. ते माझे थिसिसचे गाइड होते. विषय सगळ्यांसारखाच, स्पायनलनंतर पेशंटला जी हुडहुडी भरते ती डेक्समेडेटोमिडीन या औषधाने किती कमी होते. साठ पेशंट, तीस-तीसचे दोन गट. पहिलं प्रकरण घेऊन गेले. ‘ठेवून जा.’ पंधरा दिवसांनी विचारलं. ‘बघतो.’ महिन्याने : ‘अगं, कामात होतो, पुढच्या आठवड्यात ये.’ पुढच्या आठवड्यात केबिनला कुलूप. मोबाइलवर दोन निळ्या टिका, उत्तर नाही. परिषदेसाठी पोस्टर करायचं म्हटलं तर ‘बघू’. तक्ते चुकलेत का विचारलं तर ‘बघू’. आकडेवारी बघणाऱ्या तज्ज्ञांनी गट बदलायला सांगितले, ते सरांना विचारलं तरी ‘बघू’.

माझी वही इथे उपयोगाची राहिली नाही. डाव्या पानावर लिहायला शब्दच नव्हते, मग उजव्या पानावर काय येणार? मॅडमच्या टेबलावरून मी रडत बाहेर पडायची आणि रात्री जेवायची. सरांच्या केबिनबाहेरून मी कोरडी परतायची आणि जेवण जायचं नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल, आपण त्यांच्या डोळ्यांत भरलो नसू, मागच्या वर्षीची ती मुलगी बरी बोलायची, असे विचार. थिअरीच्या परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस विद्यापीठात जमा व्हावा लागतो आणि गाइडच्या सहीशिवाय तो जात नाही. नाही गेला तर परीक्षा नाही. ओरडणाऱ्या शिक्षकाच्या हातात तुमचा दिवस असतो. सही करणाऱ्याच्या हातात वर्ष.

त्या काळात केस गळायला लागले, ड्यूटी नसली तरी तीनला जाग यायची. बार्शीला आईशी बोलताना मी मेसच्या भाजीबद्दलच बोलायची. एकदा आईच म्हणाली, ‘तू भाजीवर एवढं बोलत नाहीस कधी.’ खोलीतल्या मैत्रिणीने कपाटावर १४४१६ हा आकडा चिकटवून ठेवला होता. टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीतही बोलतात. एका रात्री मी फोन केला. मानसोपचारवाल्यांकडे जावं तर ओळखीचं कुणी भेटेल ही भीती. डॉक्टर असून ही आपली तऱ्हा. पलीकडच्या बाईंनी सल्ला काही दिला नाही. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, हे लेखी कुठे आहे का? नंतर मी कोथरूडला एका डॉक्टरांकडे चार वेळा गेले. तो भाग माझा मला ठेवते.

लेखी म्हणजे काय करायचं, हे मात्र सांगितलं पीजी सेक्शनच्या क्लार्कनी. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. फी भरायला गेले होते, तोंड बघून त्यांनीच विषय काढला. ‘थिसिस अडकलाय ना? मॅडम, सरांच्या हातात कागद देऊ नका. विभागाच्या इनवर्डला, आवक नोंदीच्या टेबलावर, द्या. दोन प्रती. एकीवर शिक्का, नंबर, तारीख घ्या, ती तुमच्याकडं. सोबत चार ओळींचं पत्र. अमुक तारखेला अमुक प्रकरण सादर केलं, कृपया सूचना द्याव्यात. भाषा गोड ठेवा, तारीख विसरू नका.’

मी हे केलं. पहिलं पत्र देताना पाय लटपटत होते, जणू पोलिसात तक्रार देतेय. इनवर्डवरच्या मावशींनी कंटाळून शिक्का मारला, बास. निळ्या वहीच्या डाव्या पानावर आता इनवर्ड नंबर यायला लागले. उजवीकडे पुढच्या पत्राची तारीख. दर भेटीनंतर एक ईमेल : ‘सर, आज आपण सांगितल्याप्रमाणे पुढच्या मंगळवारी येते.’ सरांनी काही सांगितलेलं नसे, पण ईमेलला त्यांनी नाही म्हटलं नाही. चौथ्या पत्राची प्रत विभागप्रमुखांना. त्यांनी दोघांना बोलावलं. सर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘अगं, तोंडी सांगायचंस ना.’

मुदतीच्या दोन दिवस आधी सही झाली. सरांनी थिसिस उघडून पाहिला नाही, सहीचं पान तेवढं पुढे ओढलं. पुढचे दोन महिने ड्यूटीच्या तक्त्यात माझे सगळे रविवार इमर्जन्सीला होते. तक्ता सर लावायचे. पत्रं द्यायची असतील त्यांनी हा खर्च धरून चालावं.

काही गोष्टी वहीत लिहून सोडून द्यायच्या नसतात, हेही इथेच सांगते. माझ्या बॅचमधल्या एकाला पहिल्याच राउंडला आडनाव दोनदा विचारलं गेलं आणि नंतर त्याची हरेक चूक त्या आडनावाशी जोडली जाऊ लागली. हा कडक शिक्षक नव्हे. त्याला १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. अंगाला हात लावणं, रात्री केबिनमध्ये बोलावणं, याला लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि कॉलेजची तक्रार समिती आहे. सीनियरनी उभं ठेवणं, उपाशी ठेवणं, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत रॅगिंगमध्ये बसतं. त्या मित्राने तक्रार केली नाही. मी त्याला कर असं ठासून म्हणू शकले नाही, याची टोचणी मला आहे.

आणि तास. २०२४ मध्ये आयोगाच्या कृती दलाने रेसिडेंट डॉक्टरांना आठवड्याला ७४ पेक्षा जास्त तास काम नसावं असं सुचवलं, ती बातमी कुणीतरी ड्यूटी रूममध्ये वाचून दाखवली. मोठा हशा झाला. आमचे ७४ शुक्रवारी सकाळीच संपायचे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत तर ४८ तास लिहिलेत म्हणे, असं एकजण म्हणाला, तर दुसरा म्हणाला, तेव्हा दिवस चोवीस तासांचा नसेल. हसून झाल्यावर लक्षात आलं की आमचे सर आणि मॅडमही असेच शिकलेत, तीस तास न झोपता, कुणाची तरी बोलणी खात. हे कारण आहे. माफी नव्हे.

मधल्या तीन महिन्यांत डीआरपी होतं, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम. तिथे एक सर होते, निवृत्तीला आलेले. रात्रभर सिझेरियन. ते सुई हातात द्यायच्या आधी म्हणायचे, ‘बोल.’ मी काय करणार, कुठे टोचणार, बीपी पडलं तर काय, हे सगळं तोंडाने म्हणून दाखवायचं. चुकलं तर ‘पुन्हा बोल’. हात लागायच्या आत चूक बाहेर पडलेली असे, पेशंटला न टोचता. तीन महिन्यांत मी दोन वर्षांचं शिकले. डावं पान तिथे रिकामं होतं, उजवं मात्र भरलेलं. असंही होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी माझ्या हाताखाली ज्युनियर आली, नांदेडची. मी ठरवलं होतं, ‘बोल’ म्हणायचं. आठ दिवस म्हटलं. नवव्या दिवशी, अठ्ठावीस तास जागी असताना, तिचं पातं दातावर टेकलं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, ‘दात आहेत ते पेशंटचे.’ खुंट्यांपर्यंत गेले नाही. मामा कोपऱ्यात ट्रे लावत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण टेबल कुणाच्या कमरेला आहे ते हाताने दाखवलं. मी पेडल दाबलं.

प्रॅक्टिकल परीक्षा झाली, निकाल लागला. कॉलेज सोडताना एक फॉर्म असतो, त्यावर लायब्ररी, मेस, हॉस्टेल, स्टोअर आणि गाइड अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. गाइडची सही उरली होती. केबिनमध्ये गेले. सर मोबाइलमध्ये बघत म्हणाले, ‘ठेवून जा.’

समोर एक खुर्ची होती. तीन वर्षांत मी तिच्यावर कधी बसले नव्हते, बस असं कुणी म्हटलंही नव्हतं. मी ती ओढली आणि बसले. ‘थांबते ना सर, मला घाई नाही.’

पंख्याचा आवाज. सरांनी एकदा वर पाहिलं, पेन शोधलं, सापडेना. मी माझं दिलं. सही झाली. पेन परत मागून घेतलं, खाली येऊन झेरॉक्स काढली आणि इनवर्डला शिक्का मारून घेतला.